माशांची हवा

माझ्या विषयातलं माझं मत घरातल्या माणसांनी मनापासून विचारलं असं आयुष्यात एकदाच घडलं, आणि ते माशांच्या बाबतीत घडलं. इस्रायलमधल्या हैफा शहरात, शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथच्या म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवसाच्या मेणबत्त्या लागल्यावर. काचेच्या टाकीतले सोनेरी मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होते आणि जेवणाच्या टेबलाभोवतीची मंडळी माझ्याकडे बघत होती, कारण प्राणवायू कमी पडला की जिवाचं काय होतं यावर मी संशोधन करते हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी उठले, टाकीत वाकून पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की यांना प्राणवायू कमी पडतोय. हे सांगायला डॉक्टरेट लागत नाही हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मला फार भारी वाटलं.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. मी मूळची नागपूरची, पुण्यात डॉक्टरेट केलेली, पुढच्या कामासाठी हैफाच्या एका प्रयोगशाळेत आलेली, आणि सुरुवातीला इतकी एकटी पडलेली की भाजीच्या दुकानात वांग्यांशी मराठीत बोलायचे. एकदा त्याच वांग्यांच्या पलीकडून आवाज आला, "ही काय कोथमीर हाय? हिला वास तरी हाय का?" त्या बाईंनी हा प्रश्न दुकानदाराला हिब्रूत विचारण्याआधी स्वतःलाच मराठीत विचारून घेतला होता. मी अक्षरशः त्यांच्या अंगावर धावून गेले. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं, मी कुणाची, कुठली, जेवते कुठे हे सगळं तिथेच विचारून घेतलं, आणि आमच्या पिशव्यांचे पैसे देऊन होईपर्यंत असं ठरलंसुद्धा की त्यांच्या इमारतीतली वरच्या मजल्यावरची रिकामी खोली मी घ्यायची. घेतली. त्या माझ्या काकू झाल्या.

काकू बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांपैकी, लहानपणीच आईवडिलांबरोबर मुंबईहून इथे आलेल्या. त्यांचे यजमान जहाजावर इंजिनियर, त्यामुळे घरात कमी आणि तारेवर वाळणाऱ्या गणवेशातच जास्त दिसायचे. घरात एक मुलगी, सैन्यातली नोकरी संपवून शिकायला लागलेली. आणि सासरे. त्यांना मी आजोबा म्हणायचे. आजोबा अलिबागकडच्या एका गावात जन्मले, मुंबईच्या गोदीत फिटर झाले, मग बिऱ्हाड उचलून इथे आले ते हैफाच्या बंदरात पुन्हा फिटर म्हणूनच लागले. त्यांचं मराठी ज्या दिवशी बोट सुटली त्या दिवशी होतं तिथेच थांबलं होतं. त्यात 'फर्स्टक्लास' होतं, 'टाइमपास' नव्हतं. ते मराठीत विचारायचे, नात हिब्रूत उत्तर द्यायची, आणि यात काही वेगळं आहे असं दोघांनाही वाटायचं नाही.

दर शुक्रवारी मी त्यांच्याकडे जेवायला असायचे. नारळाच्या दुधातली मच्छी, भात, आणि बाजूला टाकीतल्या माशांची नजर चुकवत आम्ही. पहिल्याच शुक्रवारी आजोबांनी विचारलं, "डाक्टरीणबाई, तू दिवसभर करते काय?"

आता हा प्रश्न माझ्या स्वतःच्या वडिलांनी कधी विचारला नव्हता. त्यांना फक्त मी परत कधी येते हे हवं असायचं. मी हातातला घास खाली ठेवला आणि सुरू झाले.

आम्ही एका विषाणूच्या मागे लागलो होतो. हा विषाणू माणसाच्या पेशीत शिरतो आणि झोपून राहतो, बहुतेकांच्या बाबतीत जन्मभर. थोड्या जणांच्या बाबतीत मात्र त्याच्यापायी एक कर्करोग होतो. कातडीवर जांभळट डाग, बहुधा उतारवयात, बहुधा पायांवर. पायांवरच का, हा आमचा प्रश्न. पाय हृदयापासून लांब, गार, तिथलं रक्त सावकाश परतणारं, म्हणजे तिथल्या पेशींना प्राणवायूची टंचाई. या टंचाईत पेशी जी धावपळ करते त्या धावपळीनेच हा झोपलेला उठतो की काय, असा आमचा संशय होता. म्हणून मी विषाणू झोपलेल्या पेशी एका बंद पेटीत ठेवायचे, पेटीत नायट्रोजन सोडून प्राणवायू जवळजवळ हाकलून द्यायचे, आणि वाट बघायचे.

आजोबांना मी हे दवंडीवाल्याची गोष्ट करून सांगितलं. प्रत्येक पेशीत एक दवंडीवाला असतो. 'हवा संपली हो' एवढंच ओरडायचं त्याचं काम. हवा भरपूर असते तेव्हा त्याने तोंड उघडायच्या आत त्याला बाहेर काढतात. हवा कमी झाली की बाहेर काढणारे हात थांबतात, हा ओरडत सुटतो, आणि ते ऐकून पेशी नव्या रक्तवाहिन्या मागवते, साखर जाळायची पद्धत बदलते, काटकसरीने जगते. इथवर सगळं शहाण्यासारखं. पण हा विषाणू लबाड. तो त्या बाहेर काढणाऱ्यांनाच अडवून धरतो. मग हवा असली तरी दवंडी चालूच, रक्तवाहिन्या येतायत, पेशी वाढतायत, आणि कातडीवरचा डाग जांभळा होत चाललाय.

आजोबांनी चमचा खाली ठेवला होता. "म्हंजे हवा हाय, आनि हा बोंब मारतो नाय म्हणून."

"अगदी बरोबर."

"आनि खरंच हवा नसली तर झोपलेला पन उठतो."

"असं वाटतंय. अजून सिद्ध व्हायचंय."

"मंग हवा दिली तर?"

"हवा दिली तर दवंडीवाला गप्प," मी मच्छीचा काटा काढता काढता म्हटलं. जेवणाच्या टेबलावर माणूस जितक्या सहज बोलतो तितक्याच सहज.

आजोबांनी वाडग्यातला सगळ्यात मोठा तुकडा माझ्या ताटात वाढला. त्यानंतर दर शुक्रवारी ते विचारायचे, काय म्हणतो तुझा दवंडीवाला, आणि मी आठवड्याभराचा वृत्तान्त द्यायचे. नात "दाय, सबा" म्हणजे पुरे आता आजोबा, असं म्हणत डोळे फिरवायची. मी मात्र हवेत असायचे. इतका चौकस श्रोता मला प्रयोगशाळेतसुद्धा मिळाला नव्हता. माझे प्राध्यापक माझं बोलणं चालू असताना पत्रं वाचायचे.

उन्हाळा लागला आणि नातीचं लग्न ठरलं. मुलगा मोरोक्कोहून आलेल्या कुटुंबातला, दाढीवाला, हसरा, सारखी काहीतरी भेट घेऊन येणारा. ती माशांची टाकीही त्यानेच आणलेली. लग्नाच्या आठवड्यात मेहंदी, आणि मेहंदीच्या आधी मलिदा. मलिदा म्हणजे भिजवलेले गोड पोहे, त्यात नारळ, खजूर, सुकामेवा, भोवती फळं मांडलेलं मोठं ताट. पांढऱ्या चादरीवर सगळ्यांनी जमिनीवर बसून एलियाहू हनवीची, म्हणजे प्रेषित एलियाची, गाणी म्हणायची, प्रार्थना करायची, आणि मग ते खायचं. शुभकार्याआधी हे झालंच पाहिजे. आणि या घरातला मलिदा आजोबांशिवाय झालाच नव्हता. त्यांचा आवाज खणखणीत होता. कोकणातून जी चाल आणली होती ती त्यांच्याइतकी कुणाला येत नव्हती. त्यांच्या घराण्याची रीत अशी की प्रार्थना सांगणाऱ्याने पाय स्वच्छ धुवून अनवाणी बसायचं.

आजोबा म्हणाले, मी बसणार नाय. दुसरा कोन पण बघा.

घर हादरलं. कारण विचारलं तर सांगेनात. नातीने गळ्यात हात टाकले, "मा पितोम, सबा," म्हणजे हे काय भलतंच, असं शंभरदा म्हणाली, तरी नाही म्हणजे नाही. काकूंनी मात्र एका क्षणात निदान केलं. "रुसलेत," त्या मला स्वयंपाकघरात म्हणाल्या. "पोराकडच्यांनी त्यांना रीतसर विचारलं नाय. इथं सगळं फोनवर. त्यांना मान हवा."

यावर माझा तात्काळ विश्वास बसला. माझ्या आजोळी एक मामा, पत्रिका पोस्टाने आली म्हणून, आपल्या सख्ख्या भाचीच्या लग्नात मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसले होते. मलाही रुसव्याची नाडी चांगली कळायची. मी काकूंना म्हटलं, नारळ आणि गोड घेऊन मुलाकडच्यांना घरी बोलवा. काकूंनी गव्हाच्या चिकाचा हलवा केला, आणि मुलाच्या आईवडिलांना फोन करून समजावलं, की आमच्यात अशी पद्धत आहे.

हैफा म्हणजे डोंगरावर चढलेलं गाव. रस्त्यावरून आमच्या इमारतीपर्यंत येणारा दगडी जिना चढताना तरणी माणसंसुद्धा मध्ये थांबून समुद्राचं कौतुक करायचं निमित्त काढतात. मुलाची आई चांगली भरभक्कम बाई. ती तो जिना चढून आली, धापा टाकत आजोबांसमोर नारळ धरला आणि शिकवून ठेवलेलं वाक्य म्हणाली. आजोबांनी नारळ घेतला, हलवा खाल्ला, तिच्या घरची खुशाली विचारली आणि म्हणाले, मलिद्याला दुसरा कोन पण बघा. काकू म्हणाल्या, नवरा बरोबर नव्हता म्हणून. मग नवऱ्यासकट आणलं. मग काकूंना वाटलं, नारळाबरोबर पानसुपारी नव्हती. तेल अविवहून कुणाकडून तरी पानं मागवली आणि ती बाई पुन्हा जिना चढली. दर वेळी आजोबा प्रेमाने हलवा खायचे आणि नाही म्हणायचे. रुसलेला माणूस इतका हलवा खात नाही, हे आम्हा दोन तज्ज्ञांपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. पायात जाड राखाडी मोजे घालून, ऐन उन्हाळ्यात, ते तसेच शांत बसलेले असायचे. मोजे मला दिसत होते. म्हातारपणी थंडी वाजते, असं मी नागपूरकराच्या उद्दामपणाने ठरवून टाकलं होतं.

तर त्या शुक्रवारी मी निदान केलं, की माशांना प्राणवायू कमी पडतोय, आणि विचारलं, की टाकीत हवा सोडणारा छोटा पंप असतो तो कुठे आहे. तो नव्हता. नातीने टाकीच्या मागे पाहिलं, खाली पाहिलं. नुसती नळी लोंबत होती. काकू म्हणाल्या, मागच्या शब्बाथलाही नव्हता, मला वाटलं दुरुस्तीला दिला, मग रविवारी पाहिला तर जागेवर. नात म्हणाली, जिन्न नेत असेल. आजोबा भातात मच्छीचा रस कालवत होते. "मासे हायत, पान्यात हायत, त्यांना काय धाड भरली," एवढंच म्हणाले. मी टाकीतलं थोडं पाणी पेल्याने उंचावरून पुन्हा टाकीत ओतत बसले, म्हणजे थोडी तरी हवा मिसळेल. सगळ्यांनी आळीपाळीने ओतलं. माझ्या संशोधनाचा असा तडक उपयोग होताना पाहून मी सुखावून झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी प्रयोगशाळेत गेले. हैफामध्ये शब्बाथलाही थोड्या बस धावतात, आणि सुट्टीच्या दिवशी पेशी बघायला जाणं हे आपसूक माझ्याकडे आलं होतं. सगळी इमारत रिकामी. आम्ही पेशींमध्ये अशी सोय केली होती की विषाणू जागा झाला की ती पेशी सूक्ष्मदर्शकाखाली लाल चमकावी. आधी साध्या हवेतली बशी ठेवली. अंधार, कुठे तरी एखादा लाल ठिपका. मग बंद पेटीतली बशी ठेवली आणि डोळा लावला.

लाल. सगळीकडे लाल. जिथे बशी सरकवावी तिथे लाल.

मी खुर्चीवरून उठले, कॉरिडॉरच्या टोकापर्यंत पळत गेले आणि तशीच पळत परत आले, कारण सांगायला कुणी नव्हतं. पुन्हा पाहिलं, लालच. मग दारावरच्या रखवालदाराला जाऊन सांगितलं, की लाल झालंय. त्याने "बेसेदेर" म्हणजे बरं बरं असं म्हणत नेहमीसारखी माझी पिशवी तपासली. बसमध्ये मी एकटीच हसत होते, आणि जिना तर धाप न लागता चढले. मला हे फक्त एका माणसाला सांगायचं होतं.

काकू म्हणाल्या, "वर गच्चीवर गेलेत. हल्ली रोज सकाळी हवा खायला जातात."

गच्चीवर सगळ्यांच्या पाणी तापवायच्या टाक्या, ऊन शोषणाऱ्या काचा, तारा. समुद्राकडून वारा येत होता. टाक्यांच्या मागून बुडबुड असा बारीक आवाज येत होता. मी वळून पाहिलं तर आजोबा एका स्टुलावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एक पाय निळ्या बादलीत. बादलीत पाणी. पाण्यात नळी. नळीला माशांचा पंप. आणि पायाभोवती बुडबुडे, इतके की बादली उकळतेय असं वाटावं. पंपाची वायर जिन्याच्या खोलीतल्या बटणापर्यंत नीट, फिटरच्या हाताने, चिकटपट्टी लावून नेलेली.

मला हसू फुटलं. इतकं हसू आलं की मी टाकीला धरून उभी राहिले. मग आजोबांनी सवयीने पाय बाहेर काढून बादलीच्या काठावर ठेवला, आणि मी तो पाहिला. तळव्याच्या बाजूने जांभळट डाग, आणि घोट्याजवळ एक जांभळाएवढा उंचवटा. तोवर मी ते फक्त छायाचित्रांत पाहिले होते. माझ्या तोंडावर अजून हसूच होतं.

"तूच बोलली व्हतीस," आजोबा म्हणाले. "हवा दिली तर गप्प बसतो."

ते गेल्या हिवाळ्यापासून होतं. दुखत नव्हतं, म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. मग मी आले, आणि पहिल्याच शुक्रवारी, मच्छी खाता खाता, त्यांच्या पायाचं वर्णन करून गेले. दर शुक्रवारचे ते सगळे चौकस प्रश्न त्या पायाचे होते.

"डॉक्टरला का नाही दाखवलंत?"

"दाखवलं का कॅन्सर बोलनार. कॅन्सर बोलला का लगीन पुढं ढकलनार. पोराकडची मानसं बोलतील, आज्याला असं, उद्या पोरीला तसं. म्हटलं, मलिद्यापर्यंत साफ झाला तर ठीक. नाय तर मी बसनारच नाय. मोजे घालून एलियाहू हनवीला बोलावू?" त्यांनी पायावरचं पाणी हाताने निपटलं. "माझा बाप अनवानी बसला. त्याचा बाप बसला."

"म्हणजे तुम्ही रुसला नव्हतात?"

"रुसू कशाला? हलवा फर्स्टक्लास व्हता."

मला त्या मोरोक्कन बाईंचा जिना आठवला आणि पुन्हा हसू आलं, आणि त्या हसण्यातच मला भीती वाटत होती, खरी. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं, की बुडबुड्यातली हवा कातडीतून आत जात नाही. पायाला हवा रक्तातून मिळते. आणि दवंडीवाल्याची गोष्ट मी बशीतल्या पेशींची सांगितली होती. तिथेसुद्धा एकदा उठलेला झोपवता येतो का, हे मला माहीत नाही. आज सकाळीच मी पाहिलं, हवा नसली की तो उठतो. तेवढंच मला ठाऊक आहे.

"सिद्ध झालं?" त्यांनी विचारलं. डोळे चमकले होते.

"झालं. सगळी बशी लाल."

"शाबास पोरी," ते म्हणाले, आणि मला रडू आलं. माझ्या त्या कामाचं पहिलं अभिनंदन मला असं मिळालं, ज्याच्या पायात तोच विषाणू जागा होता त्या माणसाकडून. ते पंपाकडे बघत राहिले. "मंग एवढे दिवस मी काय केलं?"

"पाय स्वच्छ धुतलात."

यावर ते हसले, मग मीही रडत रडत हसले, आणि काही वेळ आम्ही दोघं त्या गच्चीवर वेड्यासारखे हसत होतो. मग मला मासे आठवले. "आजोबा, पंप काढा. खाली ते मरतील."

आजोबा एकदम गंभीर झाले. शब्बाथला विजेचं बटण दाबायचं नाही. म्हणूनच तर ते शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत पंप सुरू करून ठेवायचे, तो शनिवारी रात्रीपर्यंत चालायचा, आणि बाकीचे दिवस काम झालं की गुपचूप जागेवर. आणि दुसऱ्या कुणाला बटण बंद कर असं सांगायचंही नाही, त्यालाही मनाईच. ते समुद्राकडे तोंड करून म्हणाले, "इथं कोनी यहुदी नसलेली बाई असती, आनि तिला आपनहून वाटलं असतं, का हा आवाज लय होतोय, तर मी तिला अडवलं नसतं."

मला आपणहून वाटलं, की आवाज फार होतोय. मी बटण बंद केलं, पंप ओढणीत गुंडाळला आणि खाली जाऊन टाकीच्या मागे लावला. मासे हळूहळू खाली गेले. काकूंना मी सांगितलं, की गच्चीवर सापडला. ते खोटं नव्हतं.

आजोबा डॉक्टरकडे यायला कबूल झाले ते एका अटीवर, की मलिद्यापर्यंत घरात कुणाला सांगायचं नाही. काकूंना आम्ही सांगितलं, मी त्यांना प्रयोगशाळा दाखवायला नेतेय. नेलं कुपात होलिममध्ये, म्हणजे त्यांच्या आरोग्ययोजनेच्या दवाखान्यात. त्वचेच्या डॉक्टरीणबाई रशियाहून आलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. तो अहवाल येईपर्यंत मी प्रयोगशाळेत नुसत्या बशांवर चिठ्ठ्या चिकटवत बसले. माझ्या लाल पेशींची छायाचित्रं प्राध्यापकांनी भिंतीवर लावली होती, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

अहवालात तेच निघालं. पण बाई म्हणाल्या, हा सावकाश चालणारा प्रकार आहे. तुमच्या वयाच्या माणसांत इकडे दिसतो. वर्षानुवर्षं लोक याच्यासकट जगतात, आणि शेवटी भलत्याच कशाने तरी जातात. किरणांचे उपचार द्यायचे, ते लग्नानंतर सुरू केले तरी चालतील. घट्ट लवचीक मोजा घाला, पाय उंच ठेवा. मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी त्या बाईंचा हात धरला. त्यांना ते आवडलं नाही.

"हा मला लागला कुठून?" आजोबांनी विचारलं. बाई म्हणाल्या, सांगता येत नाही. "इथलाच असनार," आजोबा मराठीत मला म्हणाले. "मुंबईत कोन एवढं झोपून राहतं?" मग हिब्रूत बाईंना विचारलं, की मी जमिनीवर बसू का. बसा, जास्त वेळ नको. अनवाणी? बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. "पाय तुमचा आहे," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आजोबांनी जाहीर केलं, की मलिद्याला मी बसतो. काकूंनी विजयाने माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मते पानसुपारीने काम केलं होतं.

मलिद्याच्या दिवशी बैठकीची खोली रिकामी करून पांढरी चादर अंथरली. काका जहाजावरून आले होते, शेजारपाजारची बेने इस्रायल मंडळी होती, आणि मुलाचे आईवडील, ज्यांना जमिनीवर बसायची सवय नव्हती, ते एका बाजूला अवघडून बसले होते. मधोमध पोह्यांचं ताट, वर खोबरं, भोवती केळी, सफरचंदं, खजूर. आजोबा न्हाणीघरातून आले. पाय धुतलेले, ओले, दोन्ही उघडे. चादरीच्या कडेला क्षणभर थांबले. डाग कुणालाही दिसावेत असे होते. नात त्यांच्या पायाकडे बघत उभी राहिली. काकूंच्या हातातलं फळ तसंच हातात राहिलं.

पहिली बोलली ती मुलाची आई. ती पुढे वाकली, चष्मा वर केला आणि हिब्रूत म्हणाली, "हे माझ्या वडिलांना होतं. दोन्ही पायांना, गुडघ्यापर्यंत." सगळी खोली तिच्याकडे वळली. "डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आम्ही रडलो. मग त्यांनी आणखी अशी काही वर्षं काढली, की शेवटी आम्हालाच त्यांचा कंटाळा आला." आणि तिने आपल्या पाठीमागची उशी ओढून चादरीवर, जिथे आजोबांचा पाय येणार होता, तिथे ठेवली. "पाय उंच ठेवायचा. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही का?"

"सांगितलं," आजोबा म्हणाले.

काकूंना मग सगळं कळलं, आणि त्यांना आधी राग आला तो त्या जिन्याचा. "एवढ्या वेळा चढवलं मी यांना वर," त्या मराठीत पुटपुटल्या, "आनि तुमचा पाय व्हता?" पण त्या आजोबांजवळ बसल्या होत्या आणि पदराने त्यांचा ओला पाय पुसत होत्या. नातीने रडून घेतलं, आजोबांनी तिला जवळ ओढलं, आणि तिला जवळ धरूनच गायला सुरुवात केली. मी त्यांचं गाणं पहिल्यांदाच ऐकत होते. तो आवाज त्या खोलीला मोठा होता. एकेक ओळ ते एका दमात इतकी लांब न्यायचे की आता हवा संपणार असं वाटायचं, आणि संपायची नाही. मी आनंदाने नुसती फुटायची बाकी होते.

प्रार्थना झाली. ताटातून वाटप सुरू व्हायच्या आधी आजोबांनी मूठभर पोहे उचलले आणि ते उठले. तसेच, अनवाणी, त्या चादरीवरून, सगळ्यांच्या मधून, पाय कुठे लपवायचा हा विचार न करता, सावकाश माशांच्या टाकीपर्यंत गेले. मागे पंप बुडबुडत होता. "पयले तुमी," ते माशांना म्हणाले, आणि पोहे चुरडून पाण्यावर टाकले. मासे वर आले, तोंडं उघडली, आणि या वेळी ते फक्त खायला आले होते.